माझ्या कुर्त्याचा खिसा

आयटीआय झाल्यावर मी भोपाळला एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिस म्हणून लागले. क्वार्टर्समधले पंखे, ट्यूबलाइटी, जळलेल्या वायरी, हे आमचं काम. टोळीत मुलगी मी एकटीच, त्यामुळे माझ्या वाट्याला शिडी धरणं आणि पक्कड वर देणं. मला चढायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं.

आमच्या उस्तादांचा एक नियम होता. घराचा चिनी मातीचा फ्यूज काढायचा आणि जो शिडीवर चढेल त्याने तो आपल्या खिशात ठेवायचा, म्हणजे खालून कोणी चुकून लाइन चालू करणार नाही. काम झालं की परत लावायचा तोही त्यानेच. मी चढते म्हटलं की ते माझ्या कुर्त्याकडे बघून म्हणत, "बिटिया, फ्यूज रखोगी कहाँ? जेब तो है नहीं।"

सुरुवातीला मी हसायची. मग मात्र डोकं फिरलं. एका संध्याकाळी साकेत नगरच्या घरी येऊन आईपुढे पिशवी आपटली. आई नागपूरची, रडगाणी तिला खपत नाहीत. "एवढंच ना? काढ तो कुर्ता," म्हणाली. बाबांच्या जुन्या पँटच्या कापडाचा तिने असा ऐसपैस खिसा शिवला की त्यात नारळ मावला असता.

दुसऱ्या दिवशी एका क्वार्टरमध्ये उस्तादांनी फ्यूज काढला आणि मी खिसा पुढे केला. ते मिशीतल्या मिशीत हसले. फ्यूज माझ्या खिशात टाकून त्यांनी स्वतः शिडी धरली. मी चढले. बैठकीच्या पंख्याची जळकी वायर बदलली. जोड पक्का बसला. तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला. कधी आईला सांगते असं झालं होतं, सायकल काढली आणि सुसाट सुटले.

ताटावर बसताना मांडीला काहीतरी टोचलं. फ्यूज!

भर मे महिन्याच्या उन्हात तशीच परत गेले. क्वार्टरमधल्या काकू पदराने वारा घेत होत्या आणि उस्ताद जमिनीवर बसून पुठ्ठ्याने. त्यांच्या थैलीत तसले फ्यूज कायम असायचे, हे मला ठाऊक होतं.

"उस्तादजी, दूसरा लगा देते!" मी धापा टाकत म्हटलं.

"कैसे लगा देता?" पुठ्ठा न थांबवता ते म्हणाले. "ऊपर तुम चढ़ी थीं। लाइन तुम्हारी है।"

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो नुसता आनंद. मी खिशातून फ्यूज काढून लावला, आणि आम्हा तिघांच्या अंगावर वारा आला.