गंगाधरनं फोडलेला सौदा

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या माझ्या दुकानात एका पेरणीयंत्रावरून गिऱ्हाइकाशी भांडत होतो. भांडत म्हणजे भाव करत. माझ्या बाबतीत या दोन्हींत फार फरक नसतो, असं घरचे म्हणतात. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" गंगाधर सांगून कधीच कुठं जात नसे, त्यामुळं प्रश्न तसा चुकीचा नव्हता... वहिनींनी फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला, तेव्हा उमगलं. समोरचं गिऱ्हाईक म्हणत होतं, "शेठ, मग शेवटचं किती?" मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. तो हसत हसत यंत्र घेऊन गेला, म्हणजे बरंच कमी सांगितलं असणार.

बालाघाटाच्या डोंगरातल्या गोष्टी लिहिणारा आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढणारा गंगाधर अनेकांना माहीत आहे. गेल्या काही आठवड्यांत त्याच्यावर पुष्कळ लिहून आलं. सगळं चांगलंच आलं. मीही चांगलंच लिहिणार आहे. पण आमच्यात एक भांडण मिटायचं राहिलं होतं, आणि तो मेला म्हणून मी ते सोडून देणाऱ्यांतला नाही.

आमचं गाव मुखेडकडच्या डोंगरात. दोघं मिळून गुरं राखायचो. गुरं चरत असली की मी रानातली सीताफळं उतरवून रस्त्यावर आणायचो आणि एस.टी.च्या खिडकीशी विकायचो. गंगाधर तोवर खडकावर कोळशानं बैल काढत बसलेला असायचा. मी म्हणायचो, "गंग्या, ह्याचे तुला कोण पैसे देणार?" तो म्हणायचा, "तू दे की." मी सीताफळ द्यायचो, तेही उकललेलं. त्या वयातही चांगला माल मी फुकट दिला नाही. पुढं मी जनावरांच्या बाजारात दलाली धरली आणि तो मॅट्रिक झाला.

त्याला नांदेडला कॉलेजात जायचं होतं, म्हणून त्याच्या घरच्यांनी एक बैल विकायला काढला. लाल कंधारी, तांबडाभडक, गंगाधरच्या हातचा वाढलेला. वडील तापानं पडले होते, म्हणून गंगाधरच कासरा धरून बाजारात आला. घेणारा मी. आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. खांद्यावरची दस्ती, म्हणजे रुमाल, दोघांच्या हातांवर टाकायची आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. आणि सौदा झाल्यावर भाव दोघांनीही कधीच सांगायचा नाही. बायकोलासुद्धा नाही. जो सौदा फोडेल त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

गंगाधरनं हात दिला आणि खिदळायलाच लागला. "माणक्या, थांब, गुदगुल्या होऊन राहिल्या!" भोवतीची माणसं बघतच राहिली. दस्तीखाली हसणारा माणूस त्या बाजारानं पाहिलेला नव्हता. मी त्याला दटावलं, पुन्हा बोटं धरली, आणि सौदा केला. चांगला केला. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.

काही वर्षांनी त्यानं त्या बाजारावर गोष्ट लिहिली. बैलाचा रंग खरा, दस्ती खरी, दलालाचं नावसुद्धा खरं, माणिक. आणि त्यात हा माणिक, पोराच्या डोळ्यांतलं पाणी बघून, बाजारात चालू होता त्याहून जास्त भाव देतो! ते वाचून माझ्या अंगाची आग झाली. एक तर सौदा फोडला, आणि फोडला तो खोटा फोडला. गोष्ट अशी गाजली की शाळांच्या स्नेहसंमेलनांत पोरं माणिक दलाल होऊन रडायला लागली. बाजारात माणसं मला खांद्यावर थोपटून म्हणायची, "तुमच्यासारख्या देवमाणसानं आमच्याशी भाव करू नये." दलालाला देवमाणूस म्हणणं म्हणजे कुस्तीगिराला नाजूक म्हणण्यासारखं आहे. शेवटी मी जनावरांचा धंदा सोडून लातूरला औजारांचं दुकान टाकलं. तिथंही पहिलं गिऱ्हाईक मुरुडचे एक मास्तर निघाले. म्हणाले, "तुम्हीच का ते?"

तरीही मैत्री तुटली नाही. नोकरी संपवून गंगाधर गावी परतला आणि दर थंडीत लिहिणाऱ्यांना, चित्रं काढणाऱ्यांना डोंगरात बोलवायला लागला. जीप माझी, हुरडा माझ्या शेतातला, आणि श्रेय त्याचं. देगलूरचा एक कथाकार यायचा. तो मराठीत लिहायचा आणि अडला की तेलुगूत शिव्या द्यायचा. एकदा पुण्याचे एक चित्रकार जीपमधून उतरले, चारीकडं बघून म्हणाले, "छान आहे, पण डोंगर कुठं आहे?" गंगाधर म्हणाला, "त्याच्यावरच उभे हाव आपण." बालाघाट असाच आहे, चढलो हे कळतच नाही. ते पाहुणे तरीही दोन दिवस राहायला आले होते ते आठवडाभर राहिले आणि जाताना बाभळीसुद्धा काढून घेऊन गेले. कागदावर, म्हणजे. पुढं त्यांचं लातूरला प्रदर्शन लागलं तेव्हा मी एका चित्राचा भाव करत म्हटलं, "डोंगराची मागची बाजू काढलेलीच नाही, तर अर्ध्याच डोंगराचे पैसे घ्या." गंगाधर मला हाताला धरून बाहेर घेऊन आला आणि फुटपाथवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

तो स्वतः घरात कधी लिहीत नसे. टेकाडावर जायचा, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कागदांवर दगड ठेवायचा, आधी चित्र काढायचा आणि मग त्या चित्रातून गोष्ट शोधायचा. आमची शेवटची भेट तिथंच झाली. दम लागत होता, पण चढून आला होता. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. मी म्हटलं, "आता तरी दुरुस्त कर."

"काय करू? खरा भाव छापू?"

"भाव छापू नको. जास्त दिला, एवढं काढून टाक."

"मग राहतं काय रे? बैल विकला. संपलं?" कागदावरचा दगड सरळ करत म्हणाला, "मी डोंगर बी हाय त्याच्यापेक्षा जरा उंच काढतो, माणक्या. कोन्या डोंगरानं आजवर तक्रार केली न्हाई."

"डोंगराला दुकान न्हाई!"

दोघंही इतके हसलो की त्याला ठसका लागला आणि खालून वहिनी ओरडल्या, "म्हातारे झालात, उतरा आता!" दुरुस्ती राहिली ती राहिलीच.

नांदेडला शोकसभा झाली. मला बोलायला बोलावलं, आणि मी ठरवूनच गेलो. म्हटलं, "गंगाधर मोठा माणूस होता. पण त्या गोष्टीतला सौदा खोटा आहे. मी एक रुपयाही जास्त दिला नव्हता." मागून कुणीतरी म्हणालं, "मग शेठ, खरा भाव सांगा की!"

इथं मी अडकलो. दस्तीखालचा भाव मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही, आणि समोरचा मेला म्हणून सौदा मोकळा होत नसतो. मी म्हटलं, "ते सांगता येत न्हाई." झालं! टाळ्यांचा कडकडाट. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "दिलेलं बोलून दाखवत नाहीत, अशी माणसं आता कुठं?" मी पुन्हा माईककडं गेलो, ओरडलोसुद्धा असेन. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखानं भान सुटलं. दोघांनी धरून मला खुर्चीत बसवलं.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एखादं चित्र घेऊन जा." मी त्याच गोष्टीचं मूळ चित्र मागितलं. मनातलं सांगतो, ते कपाटात कुलूप लावून ठेवायचं, म्हणजे पुन्हा छापलं जाणार नाही, असा माझा हिशेब होता. मी सवयीनं विचारलं, "किती?" वहिनी म्हणाल्या, "लाज न्हाई तुम्हाला," आणि पदरानं काच पुसून चित्र हातात दिलं.

पुस्तकात ते बोटभर छापलंय, त्यात काही दिसत नाही. मूळ चित्रात दलालाचं तोंड स्वच्छ आहे. कोवळी मिशी, उसवलेली कॉलर, कपाळावर आलेले केस... मीच. माझा त्या वयाचा एकही फोटो नाही. कोण काढणार होतं, आणि कशासाठी? माझा पहिला फोटो लग्नातला, त्यातही मी फोटोवाल्याशी भाव करताना आलोय. वहिनी म्हणाल्या, "गोष्ट लई नंतरची. चित्र मात्र बैल विकून हे घरी आले त्या दिवशीच काढलेलं, असं मला सांगायचे." म्हणजे मी त्याला सौद्यात हाणला, आणि त्यानं घरी जाऊन हे तोंड काढलं. मी बराच वेळ त्यात टोमणा शोधला. भुवईत, ओठात, कुठं तरी असेल म्हटलं. नाही सापडला.

चित्र कपाटात गेलं नाही. दुकानात, माझ्या खुर्चीच्या मागं लावलंय. परवा किल्लारीचं एक गिऱ्हाईक आलं, रोटाव्हेटरवर हात ठेवून वर बघायला लागलं.

"शेठ, हे तुम्हीच का?"

"हाव, मीच. पण भाव तोच."

तो हसला, आणि हललाच नाही. स्टूल ओढून चित्रासमोर बसला. जरा वेळानं शेठ भाव कमी करणारच, अशी त्याची पक्की खात्री दिसत होती. बसू दे म्हटलं, आणि दोन चहा सांगितले.