जवळून, नाहीतर नाहीच

"जवळून. नाहीतर नाहीच." छर्ऱ्यांची बंदूक खाली ठेवताना काका एवढंच म्हणायचे. आणि चालवण्यापेक्षा ती ते खालीच जास्त वेळा ठेवायचे.

रीडिंगमधल्या आमच्या अलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलकडून भाड्यानं मिळणाऱ्या भाजीच्या तुकड्यांवर, त्यांचा प्लॉट माझ्या प्लॉटला लागून होता. दोन हजार चार-पाचची गोष्ट. कंपोस्टच्या ढिगात उंदीर माजले होते. माझे मुळे, बीट, सगळं कुरतडलेलं. काका सत्तरीतले, मूळचे सोलापूरकडचे, उभी हयात इथल्या फॅक्टरीत काढलेले. कमिटीची परवानगी घेऊन ते दुपारचे पालथ्या बादलीवर बसायचे. ढिगामागे मातीचा बांध होता, छर्रा चुकला तरी मातीतच जाणार. उंदीर वर आला की गाल बंदुकीला टेकवून पुटपुटायचे, "वळ रे बाबा, डोकं दाखव." तो वळला नाही की बंदूक खाली.

मी चिडायचे. समोर ढळढळीत बसलाय, मारा ना! तर म्हणायचे, "अगं, हलकी बंदूक आहे ही. डोक्यात बसला तर त्याला कळतही नाही. पोटात बसला तर बिळात जाऊन तडफडेल. तसा हक्क मला कोणी दिलाय?" आणि थर्मासमधला चहा माझ्यापुढे करायचे. असल्या माणसावर रागावून रागावणार किती?

माझा खरा राग आहे तो पलीकडच्या प्लॉटवरच्या वहिनींवर. पुण्याच्या, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, घरात अंडंसुद्धा चालत नाही, संकष्टी कडकडीत. अशा वहिनी तुम्हीही पाहिल्या असतील. गणपतीचं वाहन ते, आणि आपल्याच माणसानं त्याला गोळ्या घालायच्या? असं म्हणत त्यांनी कमिटीकडे तक्रार केली. कमिटीतल्या गोऱ्यांना बंदुकीची आधीच धास्ती, त्यांनी ती बंदच करून टाकली. काका एका शब्दानं भांडले नाहीत. मी भांडले आणि एकटी पडले.

उंदीर काही कमिटीचं ऐकेनात. मग वहिनींनी आपल्या शेडमध्ये चिकट पुठ्ठे लावले. रक्त नाही, काही नाही, म्हणाल्या.

एका शनिवारी त्या शेडमधून चिरका आवाज येऊ लागला. थांबेचना. आम्ही दोघींनी दार उघडलं तर उंदीर चारी पायांनी चिकटलेला, स्वतःचाच पाय कुरतडत होता. वहिनींनी कानांवर हात ठेवले. "बघवत नाही हो मला," म्हणाल्या आणि गाडीत बसून घरी गेल्या. गेल्या! पुठ्ठा लावताना बरं बघवलं होतं.

मी काकांना फोन केला. ते बंदूक न घेताच आले, नियम म्हणजे नियम. पुठ्ठा उचलून बाहेर मातीवर ठेवला, माझं फावडं मागून घेतलं आणि गुडघा टेकून अगदी जवळ बसले. एकच घाव. आवाज थांबला. मग ते बादलीवर बसले.

"बंदूक असती तर त्याला एवढा वेळ घाबरावं लागलं नसतं," म्हणाले. त्या दिवशी चहा घेतला नाही.

त्यानंतर ते अलॉटमेंटवर आलेच नाहीत. प्लॉट सोडला, लेकीकडे लीड्सला गेले आणि पुढच्या हिवाळ्यात तिकडेच वारले. बादली अजून तिथंच पालथी आहे. पुठ्ठेही आहेत. मी फेकून दिले, वहिनींनी पुन्हा आणले. आवाज आला की आता मीच फावडं उचलते, गुडघा टेकते आणि वहिनींच्या नावानं बोटं मोडते.

परवा गणपतीत त्यांच्याकडे आरतीला गेले होते. माझ्या हातावर मोदक ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला कसं हो करवतं ते?"

"जवळून," मी म्हटलं.