शेपरेट कोण?

धाकटा दीर सुप्याला एका कंपनीत लागला आणि वर्षाच्या आत माझी जाऊ शेपरेट झाली. आमच्या पारनेरकडच्या गावात हा शब्द इंग्रजी आहे असं कुणाला वाटतच नाही. चूल वेगळी मांडली की शेपरेट. ती निघाली त्या दिवशी सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि मी मात्र मनातल्या मनात जळून खाक झाले. आता हिला हवा तेव्हा चहा, हवं तेवढं तिखट, दुपारी दार लावून झोप. मला अजून सकाळी भाजी कोणती करू, हे विचारावं लागतं.

वाटलं होतं, निदान आता घरात माझी किंमत वाढेल. कसचं काय! गेली तीच लाडकी झाली. महिन्याकाठी एखाद्या रविवारी पाहुणीसारखी यायची, सासूबाईंचे पाय चेपायची आणि संध्याकाळी तुपाची बरणी घेऊन परत. त्या तुपाचं लोणी मी काढायचे.

डेअरीवर या शब्दाचा अर्थ दुसराच. साय काढून जे पातळ दूध उरतं, त्याला तिथं शेपरेट म्हणतात. म्हणजे वेगळी निघते साय आणि नाव पडतं मागे राहिलेल्याला! हे डोक्यात आलं तेव्हा किटली हातात धरून मी तिथंच हसले, मग रागही आला. घरी येऊन मोबाईलवर शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिन निघालं, अर्थ बाजूला तयार करून ठेवणं. ते तर सासूबाई जावेसाठी करतच होत्या.

गेल्या रविवारी बरणी निघाली आणि मला राहवलं नाही. जाऊ उंबऱ्यात चपला घालत होती. तिच्यादेखतच म्हणाले, "आत्या, मलाबी शेपरेट व्हायचंय."

"मंग मी कुनाकडं ऱ्हाऊ?" सासूबाईंनी माझं मनगटच धरलं. "तिच्याकडं करमत न्हाई मला. दोन दिस गेल्ते, तर पानी कुठं ठिवलंय तेबी इचारावं लागलं."

जाऊ थांबली आणि आमच्या हातांकडं बघत राहिली. तिलाही माझा हेवा वाटतो, हे तेव्हा कळलं, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मी हात सोडवून घेतला नाही. पण राहते, असंही म्हणाले नाही.