पाळणाघराच्या दारातली नाकमावशी

पाळणाघरात कामाला लागून इतकी वर्षं झाली, तरी नाकमावशीची किळस काही गेली नाही. बाहीवर वाळून चकचकीत झालेला शेंबूड, चोखून ओले केलेले लाकडी ठोकळे, शिंकेबरोबर शेजारच्याच्या ताटात उडालेलं काय काय! नाक मुरडत ती पुसायची, पण पुसायची, आणि तिच्याइतकं लख्ख कोणी पुसत नसे. नाव मात्र पडलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. सकाळी ती दारात उभी राहायची, येईल त्या पोराचं नाक बघायची आणि वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायची.

वास कशाचा, तर तापाच्या औषधाचा. त्या गुलाबी गोडगोड औषधाची तिला शिसारी बसली होती. पोर रात्रभर फणफणलेलं असतं, आईबाप सकाळी औषध पाजतात, दारात कपाळ गार लागतं आणि दुपारच्या आत पोर पुन्हा तापतं. तोवर त्याने यच्चयावत खेळण्यांना जीभ लावलेली असते. फोन करावा, तर बाप साळसूदपणे म्हणणार, "सकाळी तर ठणठणीत होता हो!"

"खोटारडे मेले," फोन आपटून ती म्हणायची. "शेंबूड परवडला, पण ही माणसं नकोत."

हल्ली तिची जीभ जरा जास्तच तिखट झाली होती. त्याला कारणही होतं. तिच्या लेकीला दिवस भरायच्या आधीच मुलगा झाला होता. बाळ मुठीएवढं, छाती नाजूक. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून ते शनिवारी घरी यायचं होतं, आणि आजीने त्याला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आपली साधी सर्दी या बाळाला पुन्हा पेटीत नेऊन ठेवील. लहान पोरांचं तर विचारूच नका. नाक वाहायच्या आधीपासून ती दुसऱ्यांना आजार देत असतात, ताप उतरल्यावरही कितीतरी दिवस देत राहतात, आणि अगदी तान्ही असली तर महिनाभरसुद्धा.

"आई, तू दिवसभर त्यांच्यातच असतेस गं," लेक काळजीने म्हणाली.

"माझ्या दारातून आजारी पोर आत जात नाही," नाकमावशी ठसक्यात म्हणाली.

त्या आठवड्यात तिने खरोखरच डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. बुधवारी एक बाई पोराला कडेवर घेऊन घाईघाईने आली. नाकमावशी वाकली. गुलाबी वास.

"अहो, उतरलाय ताप कालच!"

"उतरला म्हणजे गेला नव्हे. घरी ठेवा त्याला."

"रजा तुम्ही देणार का? पोरांची एवढी घाण वाटते, तर हे काम करता कशाला?"

नाकमावशी उत्तर द्यायला तोंड उघडते न उघडते, तोच ते पोर सणसणीत शिंकलं. चष्मा, ओठ, हनुवटी, सगळं भरलं. बाईला तिने परत पाठवलंच, पण नंतर मोरीत तोंड धुताना तिला दोनदा उमासे आले. साबण लावलावून गाल चरचरायला लागले, तरी तिचं समाधान होईना.

शनिवारी उठली तेव्हा घसा खवखवत होता. धूळ गेली असेल, असं तिने ठरवूनच टाकलं. अंग जरा कोमट लागलं, म्हणून एक तापाची गोळी घेतली, खोकल्याची झणझणीत गोळी गालात धरली आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. इतकी वाट पाहिली होती, आता कुठे माशी शिंकायला नको.

बाळ आलं. दुपट्यात नुसतं नाक दिसत होतं, एवढंसं, कोरडं, स्वच्छ. असलं स्वच्छ नाक नाकमावशीने किती वर्षांत पाहिलं नव्हतं. लेक हसून पुढे झाली.

"घे ना आई."

तिने हात पसरले. बाळ द्यायला लेक अगदी जवळ आली आणि थबकली.

"आई, तुझ्या तोंडाला कसला वास येतोय?"

"कसला? काही नाही. सकाळी तर ठणठणीत होते मी!"

बोलून गेली आणि स्वतःचेच शब्द तिला ऐकू आले. आजवर कुठल्या शेंबडाची आली नसेल इतकी किळस तिला स्वतःची आली. तोंडातली गोळी गिळवेना. तिने हात मागे घेतले आणि भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरकली.

"आत ने त्याला," ती म्हणाली. "घसा धरलाय माझा. तापाची गोळीही घेतलीय. ने म्हणते ना!"

लेक बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. नाकमावशीने गोळी मोरीत थुंकली, बाळाला बोटही लागलं नव्हतं तरी कोपरापर्यंत हात धुतले आणि बंद दाराशी येऊन उभी राहिली.

"ताप उतरला तरी मला आत घेऊ नकोस," ती बाहेरून म्हणाली. "मी पूर्ण बरी झाले की सांगेन."

"खरं सांगशील ना, आई?" लेकीने आतून विचारलं, आणि उत्तर यायच्या आत कडी लावून घेतली.