झेंडूचा हार आणि अडकलेलं बोट

सायकलच्या सस्पेन्शनमध्ये मी बोट अडकवून घेतलं, आणि तेही तिची पूजा करताना. नख वाकडं कशानं झालं असं नात विचारते, तेव्हा मी विळीचं नाव घेते. हे घडलं तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. म्हणजे कळायचं वय झालंच नव्हतं.

सायकल मुलीची, डोंगरात चालवायची. नोकरीला पुण्याला जाताना ती अंबाजोगाईत माझ्याकडे ठेवून गेली, आणि मी रोज तिच्यावरून गावभर फिरायला लागले. अशा सायकलींना पुढं धक्के झेलायला एकमेकींत सरकणाऱ्या नळ्या असतात, तेच सस्पेन्शन. हिला मात्र सांध्यांनी जोडलेल्या आखूड दांड्या आणि मध्ये एक स्प्रिंग. उतारावर ब्रेक दाबला की बाकीच्या सायकली नाक खाली घालतात, ही ताठ राहते, असं मी भेटेल त्याला ऐकवायची. ती जड आहे, धुळीनं तिचा एकेक सांधा कुरकुरतो, हे गाळायची. पंक्चरवाला म्हणाला, "मावशी, एवढे सांधे कावून? आमाला नळ्याच कळत्यात." मी त्यालाच अडाणी ठरवलं.

नवरा म्हणायचा, "इकून टाक. पडलीस तर कोन उचलील?"

"हिच्यावरून पडताच येत नाही," मी सांगायची.

दसऱ्याला सकाळी तिला पुढं झेंडूचा हार बांधला आणि अंगणात तोऱ्यात एक चक्कर मारली. हाराचा दोरा सांध्यात शिरला. उतरून मी वाकले, डाव्या हातानं हँडल खाली दाबलं. दांड्यांमध्ये फट पडली, तिच्यात उजवं बोट घातलं. डावा हात घसरला. फट मिटली.

पुन्हा दाबायला अंगाचा भार हवा, आणि मी उकिडवी. स्प्रिंगही मीच हौसेनं कडक करून घेतलेली. नवऱ्याला हाक मारली तर बोट सुटणार, पण सायकल जाणार. मी दात आवळून गप्प बसले. शेजारीण फाटकातून म्हणाली, "पूजा लई येळ चालली की."

"आरती राहिलीय," मी म्हटलं. ती गेली, आणि बोट आणखी ठणकायला लागलं.

शेवटी नवराच आपट्याची पानं घेऊन बाहेर आला. काही न विचारता त्यानं हँडलवर दोन्ही हातांनी भार टाकला. जांभळं झालेलं बोट निघालं. त्यानं तांब्याभर गार पाणी आणलं आणि बोट त्यात बुडवायला लावलं. मग म्हणाला,

"सायकल ऱ्हाऊ दे. पुढचं तेवढं साधं, नळ्यांचं बसवून घे. तू दिवसभर घरात बसलीस तर मी कुठं जाऊ?"