बारा तारखेचे तेवीस

त्या कारखान्यात डब्यांची पत्र्याची झाकणं बनतात. तेव्हा कामगार तेवीस होते आणि पगारपत्रक करणारी बाई एक. तिला सगळे हजेरीबाई म्हणत. मी तिला मालकाची माणूस समजायचो, आणि तसं तिच्या तोंडावर बोललोही होतो. युनियनमध्ये कामगारांची भांडणं लढून जीभ तिखट झालीय, त्याला इलाज नाही.

बाईची पद्धत ठरलेली. रोज सकाळी प्रत्येकाच्या नावापुढे शिसपेन्सिलीनं खूण, आणि महिनाअखेरीला रजा, अर्धे दिवस तपासून त्यावर शाई. फक्त रकान्याच्या तळाशी, आज किती आले तो आकडा, सकाळीच शाईनं. चहावाला तेवढेच कप आणायचा.

सात महिन्यांपूर्वी, बारा तारखेला, प्रेसवरचा एक उंच कामगार विजेचा धक्का बसून मशीनपाशीच गेला. त्याला सगळे शिडी म्हणायचे. दुपारी मालक बाईच्या टेबलाशी आला.

"त्यानं कालच काम सोडलं होतं. आज नुसता गप्पा मारायला आलेला. कळलं ना?"

बाईच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई, आणि कमावणारी ती एकटी. तिनं खोडरबर उचललं. बाकीच्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. कामावरच नव्हता म्हटल्यावर भरपाई कसली? शिडीच्या बायकोला हात हलवत परत पाठवलं.

मग वर्षअखेर आली. बोनस, उरलेल्या रजांचे पैसे, सगळ्यासाठी वर्षाचे दिवस मोजायचे, आणि दोन दिवसांत कागद सरकारी कचेरीत जायला हवे होते. बाई भर दुपारी बेरजा मारायला बसली. आडव्या बेरजा माणसांच्या, उभ्या तारखांच्या. दोन्ही जुळल्या की काम संपलं. जुळेनात. एका दिवसाचा फरक. तिनं तीनदा केल्या, तरी एक माणूस जास्तच.

एकेक महिना तपासत गेली. तो महिना मुद्दाम शेवटी ठेवला. बारा तारखेच्या तळाशी तिच्याच अक्षरात, शाईनं: तेवीस. वरच्या खुणा मात्र बावीस. शिडीच्या ओळीत खोडलेला कागद पातळ होऊन चकाकत होता. पलीकडे प्रेस धडधडत होती आणि तिला वाटलं, टेबलाशी कुणीतरी वाकून उभं आहे, आपली खूण लावायची वाट बघत. मान वर करायची छाती झाली नाही. त्या दिवशी घरी आईच्या गोळ्या काढतानाही एक जास्तच आली. परत ठेवली, पुन्हा मोजल्या. जास्तच.

दुसऱ्या दिवशी बाईकडून फरक ऐकून मालक म्हणाला, "एकासाठी काय घोडं अडलंय? तेविसाचे बावीस करा."

"शाई आहे, साहेब."

"मग पान नवं लिहा! मेलेला माणूस हजेरीला येत नसतो."

"हा येतोय. रोज."

मालक हसला. "बाई, तुम्हाला विश्रांती हवीय. कायमची देऊ का?"

तिनं शिडीच्या नावापुढे बारा तारखेची खूण शाईनं केली, शेजारी सही ठोकली, हजेरीची वही बाजाराच्या पिशवीत घातली आणि थेट माझ्या दारात.

"मालकाची माणूस आलीय. आत घेणार का?"

मी दारातून बाजूला झालो. माझ्यासारख्याला ते सोपं नाही.

दोघं शिडीच्या घरी गेलो. त्याची बायको लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती. इस्त्री बाजूला उभी करून तिनं वही घेतली. मी समजावलं, की हा पुरावा आहे, आता भरपाईचा दावा उभा राहतो, मालकाला पळता भुई थोडी करतो. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या खुणेवर बोट ठेवून बाईकडे बघत होती.

"ही शाई तेव्हाही होती ना तुमच्याकडे?"

"होती," बाई म्हणाली.

शिडीच्या बायकोनं वही मिटून मांडीवर घेतली. बसा, असं काही ती म्हणाली नाही.