मला सर म्हणणारा
उस्मानपुऱ्यातल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत तो माझ्या आधीपासून आहे. बारावी पास, बाकी सगळं स्वतःच शिकलेला. खुर्चीत मात्र टिकत नाही. अडलेला कोड कागदावर छापतो आणि फेऱ्या मारत मोठ्यानं वाचतो. मधेच थांबतो, "इथं गोम हाय" म्हणतो, आणि गोम तिथंच असते.

आम्ही एकाच वयाचे. मी त्याला अरे-तुरे करतो, तो मला सर म्हणतो, कारण मी इंजिनिअर. कितीदा सांगितलं, नावानं हाक मार. "ऱ्हाऊ द्या, सर."

परवा साहेबांनी भरतीचे अर्ज निवडायला त्याच्याकडे दिले. मला वाटलं, आता तरी डिग्री नसलेल्यांना कुणी विचारेल. त्यानं आधी त्यांचेच अर्ज बाजूला काढले आणि नापसंत म्हणून पालथे टाकले. त्यातला हातात एकच उरला, गंगापूरच्या एका बिनडिग्रीच्या मुलीचा. तिनं बनवलेलं बाजारभावाचं ॲप तो फेऱ्या मारत मोबाइलवर बराच वेळ चालवत राहिला.

"लई भारी केलंय पोरीनं," म्हणाला, आणि तोही अर्ज पालथा टाकला.

मी भडकलो. "तुझ्याकडे तरी कुठं डिग्री आहे रे?"

"म्हणूनच." त्याच्या फेऱ्या थांबल्या. "आत घेतलं म्हंजी झालं का? काम तिनं करायचं, अन् सर तुमाला म्हणायचं. जन्मभर."

तो माझ्या स्क्रीनकडे वाकला.

"सर, तुमची ही ओळ चुकलीय."